वाचकांचे प्रश्न : संवेदक नोडची बॅटरी नेमकी कशात संपते?

बॅटरीवर चालणारे आणि तारेशिवाय गेटवेशी (सर्वांच्या नोंदी गोळा करून पुढे पाठवणाऱ्या यंत्राशी) बोलणारे संवेदक नोड, म्हणजे संवेदक, प्रोसेसर आणि रेडिओ असलेली छोटी यंत्रे, आता द्राक्षबागांत, पाणीपुरवठा योजनांत, कारखान्यांत आणि दरडप्रवण डोंगरांवरही बसवले जातात. त्यांच्या बॅटरीच्या आयुष्याविषयी आलेल्या पत्रांपैकी काहींना या अंकात उत्तरे देत आहोत. वीज मुख्यतः माहिती पाठवण्यात खर्च होते, असे बहुतेक पत्रलेखकांनी धरून चालले आहे. अनेकदा ते खरे नसते, म्हणून शक्य तेथे उत्तरात आकडेमोड मांडली आहे.

प्रश्न : माझ्या बागेत जमिनीतील ओलावा मोजणारे नोड बसवून घेतले आहेत. प्रत्येकात ईएसपी३२ या नियंत्रक चिपचा तयार बोर्ड, कपॅसिटिव्ह ओलावा-संवेदक, लोरा (लांब पल्ल्याचा, कमी विजेचा) रेडिओ आणि चार एए अल्कलाइन सेल आहेत. नोड दर १५ मिनिटांनी जागा होतो, नोंद पाठवतो आणि ‘डीप स्लीप’मध्ये जातो. चिपच्या माहितीपत्रकात झोपेतील प्रवाह १० मायक्रोअँपिअर दिला आहे, तरीही सेल जेमतेम १३ दिवस टिकतात. दोष रेडिओचा आहे का?
— द्राक्ष बागायतदार, निफाड

उत्तर : बहुधा नाही. आपण दिलेल्या आकड्यांवरूनच उलटा हिशेब करता येतो. एए अल्कलाइन सेलची क्षमता कमी प्रवाहावर सुमारे २,५०० मिलिअँपिअर-तास असते. चार सेल एकसर जोडल्याने व्होल्टेज वाढते, ही क्षमता वाढत नाही. १३ दिवस म्हणजे ३१२ तास, म्हणजेच आपला नोड सरासरी ८ मिलिअँपिअर प्रवाह अखंड ओढत आहे. १० मायक्रोअँपिअरच्या तुलनेत हा आकडा ८०० पट आहे, आणि १५ मिनिटांतून एकदा क्षणभर चालणारा रेडिओ एवढी तफावत निर्माण करू शकत नाही.

माहितीपत्रकातील १० मायक्रोअँपिअर हा आकडा केवळ चिपचा आहे, बोर्डाचा नव्हे. प्रयोगासाठी मिळणाऱ्या तयार बोर्डांवर अनेकदा एएमएस१११७ हा व्होल्टेज रेग्युलेटर असतो आणि तो नुसता चालू राहण्यासाठीच साधारण ५ मिलिअँपिअर घेतो. शेजारी यूएसबी जोडणीची चिप असते, वीज आहे हे दाखवणारा लाल दिवा असतो, आणि पुष्कळदा ओलावा-संवेदकाचा पुरवठाही कायम चालू ठेवलेला असतो. चिप झोपली तरी हे सगळे जागेच राहतात. त्यामुळे पहिला उपाय हार्डवेअरचा आहे : काही मायक्रोअँपिअरवर चालणारा रेग्युलेटर वापरावा, दिवा काढून टाकावा आणि संवेदकाचा पुरवठा मॉस्फेटमधून (इलेक्ट्रॉनिक स्विचमधून) देऊन तो मोजणीपुरताच चालू करावा.

एवढे केल्यावर काय होईल ते पाहू. संपूर्ण नोडचा झोपेतील प्रवाह २० मायक्रोअँपिअरवर आला, तर झोपेचा रोजचा खर्च ०.४८ मिलिअँपिअर-तास होतो. नोड प्रत्येक वेळी २ सेकंद जागा राहतो आणि त्या काळात प्रोसेसर व संवेदक मिळून ४५ मिलिअँपिअर घेतात असे धरले, तर एका फेरीला ९० मिलिअँपिअर-सेकंद लागतात. लोराचे छोटे पॅकेट पाठवायला आणि उत्तराची वाट पाहायला त्यात सुमारे ६ मिलिअँपिअर-सेकंदांची भर पडते. दिवसाच्या ९६ फेऱ्यांचे २.५६ मिलिअँपिअर-तास आणि झोपेचे ०.४८ मिळून रोजचा खर्च साधारण ३ मिलिअँपिअर-तास होतो, म्हणजे तेच सेल कागदोपत्री सव्वादोन वर्षे पुरतात.

या हिशेबात रेडिओचा वाटा ९६ पैकी अवघा ६ आहे. मोठा खर्च त्या दोन सेकंदांच्या जागरणाचा आहे. संवेदकाचे व्होल्टेज स्थिर व्हायला लागणारा वेळ प्रत्यक्ष मोजून जागरण अर्ध्या सेकंदावर आणता आले, तर रोजचा खर्च सव्वा मिलिअँपिअर-तासाच्या आसपास येतो आणि कागदावरचे आयुष्य पाच वर्षांच्या पुढे जाते. पाठवण्याचे अंतर १५ मिनिटांवरून तासावर नेण्याचा विचारही जरूर करावा, कारण ठिबक बंद असताना मुळांजवळचा ओलावा १५ मिनिटांत उल्लेखनीय बदलत नाही. आपल्याच जिल्ह्यातील द्राक्षबागेत आयआयटी मुंबईच्या संशोधकांनी ‘अ‍ॅग्रीसेन्स’ या नावाने असे जाळे या शतकाच्या पहिल्या दशकात बसवले होते. तेव्हापासून चिप कितीतरी काटकसरी झाल्या, पण संवेदकाला किती वेळ जागे ठेवायचे हा प्रश्न आजही तोच आहे.

मोजताना एक काळजी घ्यावी. साध्या मल्टिमीटरच्या मायक्रोअँपिअर पट्टीचा अंतर्गत रोध जास्त असतो, त्यामुळे नोड जागा होऊन एकदम जास्त प्रवाह मागतो तेव्हा व्होल्टेज घसरते आणि चिप रीसेट होते. झोपेतील प्रवाह मल्टिमीटरने मोजावा. जागरणाचा खर्च मोजण्यासाठी पुरवठ्याच्या तारेत लहान रोध घालून त्यावरील व्होल्टेज ऑसिलोस्कोपवर पाहावे.

प्रश्न : मी अभियांत्रिकीच्या अंतिम वर्षात आहे. आमच्या प्रकल्पात मॅटलॅब या गणिती सॉफ्टवेअरमध्ये १०० × १०० मीटर क्षेत्रात १०० नोड ठेवून नोडांचे गट पाडणाऱ्या ‘लीच’ प्रोटोकॉलमध्ये सुधारणा केली आणि जाळ्याचे आयुष्य बरेच वाढल्याचे दिसले. परीक्षकांनी मात्र “प्रत्यक्षात एवढे वाढणार नाही” असे म्हटले. त्यांचे म्हणणे बरोबर आहे का?
— विद्यार्थिनी, कराड

उत्तर : त्यांची शंका रास्त आहे. पण त्यामुळे आपले काम वाया जात नाही. त्यामागची गृहीतके कोणती आणि ती कोठे लागू पडतात, हे आपल्याला सांगता आले पाहिजे.

एमआयटीमधील वेंडी हाइन्झेलमन, अनंत चंद्रकासन आणि हरी बालकृष्णन यांनी ‘लीच’ २००० साली मांडला. नोडांचे गट करायचे, प्रत्येक गटात एक प्रमुख नेमायचा, सदस्यांनी आपापल्या ठरलेल्या वेळी त्याच्याकडे नोंदी पाठवून उरलेला वेळ झोपायचे, प्रमुखाने त्या नोंदी एकत्र करून मुख्य स्थानकाला पाठवायच्या, आणि प्रमुखपदाचा भार कोणा एकावर पडू नये म्हणून ते पद फेरीफेरीने बदलत ठेवायचे, अशी ती योजना आहे. १०० नोडांच्या त्यांच्या मांडणीत साधारण ५ टक्के नोड प्रमुख असणे फायद्याचे ठरले होते. पुढे आलेल्या ‘पेगॅसिस’, ‘टीन’, ‘हीड’ अशा कितीतरी पद्धतींची तुलना याच मूळ योजनेशी केली जाते.

त्या शोधनिबंधातील ऊर्जेच्या प्रारूपात एक बिट पाठवताना किंवा घेताना इलेक्ट्रॉनिक्सला ५० नॅनोजूल लागतात आणि पाठवताना त्याशिवाय अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात, दर चौरस मीटरला ०.१ नॅनोजूल खर्च होतात. १०० मीटर थेट पाठवायला बिटमागे १,०५० नॅनोजूल लागतील. मध्ये एक नोड ठेवून ५० मीटरच्या दोन उड्या केल्या, तर दोनदा पाठवणे आणि एकदा घेणे मिळून ६५० नॅनोजूल लागतील. हेच अंतर ३० मीटर असेल, तर थेट पाठवण्याचा खर्च १४० आणि दोन उड्यांचा १९५ नॅनोजूल येतो. म्हणजे याच प्रारूपात सुमारे ४५ मीटरच्या आत मध्यस्थ तोट्याचा ठरतो. ‘लहान उड्या नेहमीच स्वस्त’ असे विधान आपल्या अहवालात असेल तर ते दुरुस्त करावे.

खऱ्या रेडिओत हे चित्र आणखी बदलते. संशोधनात दीर्घकाळ वापरली गेलेली सीसी२४२० ही रेडिओ-चिप घ्या. तिची प्रक्षेपणशक्ती ० डीबीएमवरून उणे २५ डीबीएमपर्यंत, म्हणजे तीनशेहून अधिक पटींनी, कमी केली तरी तिचा प्रवाह १७.४ मिलिअँपिअरवरून ८.५ वर येतो, म्हणजे जेमतेम निम्मा होतो. जवळच्या प्रमुखाशी बोलून प्रारूपात जी मोठी बचत दिसते, तिचा बराचसा भाग या चिपवर हाती लागणारच नाही. शिवाय या चिपला ऐकताना १८.८ मिलिअँपिअर लागतात, म्हणजे तिचे ऐकणे बोलण्यापेक्षा महाग आहे. गट बांधण्याच्या वेळी सर्व नोड जागे राहून एकमेकांच्या घोषणा ऐकतात. तो वेळ आपल्या कार्यक्रमात मोजला आहे का, हे आधी तपासावे.

सर्वांत महत्त्वाचा मुद्दा सुरुवातीच्या ऊर्जेचा आहे. अशा सिम्युलेशनमध्ये प्रत्येक नोडला सहसा ०.५ जूल दिलेले असतात. दोन एए सेलमध्ये साधारण २७,००० जूल असतात, म्हणजे ५४,००० पट. अल्कलाइन सेल वापराविना पडून राहिला तरी वर्षाला त्याची दोन-तीन टक्के ऊर्जा आपोआप जाते. दोन सेलच्या बाबतीत ही गळतीच वर्षाला पाचशे जूलांच्या वर भरते, आणि आपल्या प्रारूपातील नोडला जन्मभरासाठी मिळालेल्या ऊर्जेच्या ती हजार पट आहे. अर्ध्या जूलाच्या जगात गळती, झोपेतील प्रवाह आणि संवेदकाचा खर्च दिसतच नाहीत. प्रत्यक्षात बॅटरी त्यांच्यामुळेच संपू शकते.

माझी सूचना अशी की, आपली सुधारणा तशीच ठेवावी, पण प्रारूपात खऱ्या चिपच्या माहितीपत्रकातील प्रवाह, ऐकण्याचा वेळ आणि झोपेतील खर्च घालून ते पुन्हा चालवावे, आणि पहिला नोड कधी बंद पडतो, निम्मे नोड कधी बंद पडतात, हे दोन्ही आकडे द्यावेत. फायदा कमी दिसला तरी तो प्रामाणिक आकडा असेल आणि परीक्षकांनाही पटेल. जमल्यास अमेरिकेच्या मेन राज्यातील ग्रेट डक बेटावर २००२ पासून झालेल्या प्रयोगाचे निबंध वाचावेत. बर्कलीच्या संशोधकांनी तेथे समुद्रपक्ष्यांच्या बिळांत नोड ठेवले होते. आर्द्रता-संवेदकाच्या विचित्र नोंदी हे नोड लवकरच बंद पडण्याचे लक्षण असल्याचे त्यांना आढळले, कारण वेष्टनात पाणी शिरत होते. असे कारण कोणत्याही सिम्युलेशनमध्ये सापडत नाही.

प्रश्न : आमच्या पाणीपुरवठा योजनेच्या जलवाहिनीवर दाब मोजणारे २० नोड एका रांगेत आहेत आणि गेटवे एका टोकाला, पंपगृहात आहे. प्रत्येक नोड पुढच्या नोडकरवी तासाला एक नोंद पाठवतो. गेटवेजवळच्या नोडांच्या बॅटऱ्या दूरच्या नोडांच्या कितीतरी आधी संपतात. बॅटऱ्या सदोष असाव्यात का?
— कनिष्ठ अभियंता, सोलापूर जिल्हा

उत्तर : बॅटऱ्या ठीक असाव्यात, दोष रचनेत आहे. शेवटचा नोड तासाला एकच पॅकेट पाठवतो. गेटवेलगतचा नोड मात्र स्वतःचे एक आणि मागून आलेली १९, अशी २० पॅकेट पाठवतो आणि १९ वेळा ऐकतो. नोड रांगेत नसून गोलाकार क्षेत्रात समान पसरलेले असते, तर असमानता आणखी वाढली असती : क्षेत्राची त्रिज्या पाच उड्यांची असेल, तर केंद्रालगतचे नोड एकूण संख्येच्या पंचविसाव्या भागाइतकेच असतात आणि त्यांतील प्रत्येकाला सरासरी २५ नोडांचा भार वाहावा लागतो. गेटवेभोवतीचे नोड आधी संपले की मागच्या नोडांत बॅटरी शिल्लक असूनही जाळे निकामी होते.

सर्वांत स्वस्त उपाय पॅकेट एकत्र करण्याचा आहे. आयईईई ८०२.१५.४ या मानकाच्या रेडिओत एका पॅकेटमध्ये १२७ बाइट मावतात. दाबाची नोंद नोडच्या क्रमांकासह ४ बाइटची धरली, तर वीसही नोंदी ८० बाइटमध्ये बसतात. शेवटच्या नोडने पाठवायचे, पुढच्याने त्याच पॅकेटमध्ये आपली नोंद जोडून पुढे ढकलायचे, अशी साखळी लावली की प्रत्येक नोड तासाला एकदाच ऐकतो आणि एकदाच बोलतो. दुसरा उपाय गेटवे मध्यभागी हलवण्याचा आहे. तेथे विजेची सोय असेल, तर सर्वांत व्यस्त नोडवरील भार २० वरून १० वर येतो.

साखळी पद्धतीत घड्याळे जुळलेली असावी लागतात, आणि येथे एक खर्च सहज नजरेआड होतो. स्वस्त क्रिस्टलमध्ये दोन नोडांच्या घड्याळांत दहा लाखांत ४० भागांपर्यंत फरक पडू शकतो, म्हणजे तासाभरात १४४ मिलिसेकंद. शेजारी कधी बोलेल याची खात्री नसल्याने घेणाऱ्या नोडला ठरलेल्या क्षणाआधी आणि नंतर तेवढा वेळ, एकूण २८८ मिलिसेकंद, कान उघडे ठेवावे लागतात. पूर्ण भरलेले पॅकेट हवेत जेमतेम ४ मिलिसेकंद असते. म्हणजे ऐकण्याची तयारी प्रत्यक्ष ऐकण्याच्या ७० पट. प्रत्येक पॅकेट येण्याची वेळ टिपून शेजाऱ्याचे घड्याळ किती पुढे किंवा मागे जाते हे नोडने शिकून घेतले, तर ही खिडकी पुष्कळ अरुंद करता येते. पुरवठादाराकडे फर्मवेअरमध्ये ही सोय आवर्जून मागावी.

प्रश्न : ठिबकचे व्हॉल्व्ह मोबाइलवरून उघडता-बंद करता यावेत म्हणून शेतातील नोड आदेशासाठी सतत तयार ठेवावे लागतात. रेडिओ बंद ठेवला तर आदेश पोहोचत नाही, चालू ठेवला तर बॅटरी आठवडाभरही टिकत नाही. यातून मार्ग आहे का?
— शेतकरी, जळगाव जिल्हा

उत्तर : आहे, आणि तो वीस वर्षांहून अधिक काळ वापरात आहे. वरच्या सीसी२४२० सारखा, ऐकताना १८.८ मिलिअँपिअर घेणारा रेडिओ अखंड ऐकत राहिला, तर २,५०० मिलिअँपिअर-तासांची बॅटरी साडेपाच दिवसांत संपते. म्हणजे आपला अनुभव हिशेबाशी जुळतो. सतत ऐकण्याऐवजी नोडने दर २ सेकंदांनी केवळ ५ मिलिसेकंद कानोसा घ्यावा. हवेत संकेत नसेल तर लगेच झोपावे, असेल तर जागे राहून आदेश घ्यावा. ऐकण्याचा सरासरी प्रवाह अशाने ४७ मायक्रोअँपिअरवर येतो. बर्कलीतील संशोधकांच्या २००४ मधील ‘बी-मॅक’ पद्धतीचे मर्म हेच आहे. यात पाठवणाऱ्याला आपला संकेत दोन सेकंदांहून किंचित जास्त लांबवावा लागतो, नाहीतर झोपलेल्याला तो सापडणार नाही. २००६ मधील ‘एक्स-मॅक’ने लांब संकेताऐवजी पत्ता लिहिलेले छोटे छोटे संकेत पाठवण्याची सुधारणा केली, त्यामुळे ज्याच्यासाठी आदेश नाही तो नोड लगेच झोपू शकतो.

आपल्या बाबतीत लांब संकेताचा भुर्दंड गेटवेवर पडेल, आणि गेटवेला विहिरीवरच्या मोटरघरातून वीज मिळत असल्यास त्याची चिंता नाही. जाळे आखताना प्रत्येक ठिकाणी हाच विचार करावा : ज्याच्याकडे वीज आहे त्याने जास्त बोलावे व जास्त ऐकावे, आणि बॅटरीवरच्या नोडला जितके झोपू देता येईल तितके झोपू द्यावे. आदेश पोहोचायला दोन सेकंद उशीर झाला तर ठिबकचे काहीच बिघडत नाही.

व्हॉल्व्ह कोणत्या प्रकारचा आहे तेही पाहावे. साध्या सोलेनॉइड व्हॉल्व्हला उघडे राहण्यासाठी अखंड प्रवाह लागतो. लॅचिंग प्रकारच्या व्हॉल्व्हला उघडताना एक आणि बंद करताना एक असा क्षणिक झटका पुरतो. बॅटरीवर चालणाऱ्या नोडला लॅचिंग व्हॉल्व्हच लावावा.

प्रश्न : आमच्याकडे डोंगराळ भागात लोराचे नोड आहेत. सिग्नल खात्रीने मिळावा म्हणून बसवणाऱ्याने सर्वांना स्प्रेडिंग फॅक्टर १२ ठेवला आहे. याने बॅटरीवर परिणाम होतो का?
— वाचक, पाटण

उत्तर : फार मोठा होतो. स्प्रेडिंग फॅक्टर जितका मोठा, तितका लोराचा संकेत दूर पोहोचतो, पण तितकाच सावकाश जातो. १२५ किलोहर्ट्झ पट्ट्यावर २० बाइटचे पॅकेट फॅक्टर ७ वर ५७ मिलिसेकंदांत जाते, तर फॅक्टर १२ वर त्याला १.३२ सेकंद लागतात. प्रक्षेपणाचा खर्च २३ पट होतो, आणि तेवढा वेळ हवेतील वाट अडून राहिल्याने इतर नोडांची पॅकेट आदळून पुन्हा पाठवावी लागण्याचा धोकाही वाढतो. ज्या नोडचे गेटवे समोर दिसते त्याला फॅक्टर १२ देणे निव्वळ उधळपट्टी आहे. लोरावॅनमध्ये, म्हणजे लोरा रेडिओंच्या जाळ्यासाठीच्या प्रोटोकॉलमध्ये, गेटवेपर्यंतच्या सिग्नलनुसार फॅक्टर आपोआप ठरवण्याची सोय असते, ती स्थिर नोडांसाठी चालू करावी. दूरच्या नोडांसाठी आधी गेटवेचा अँटेना उंचावर न्यावा, कारण त्या उंचीचा फायदा सगळ्याच नोडांना कायमचा मिळतो.

थोडी थांबण्याची तयारी असेल तर नोंदी साठवूनही पाठवाव्यात. लोरावॅनचा प्रत्येक निरोप स्वतःची १३ बाइटची ओळखपत्रे घेऊन जातो. २ बाइटच्या सहा नोंदी वेगवेगळ्या पाठवल्या, तर फॅक्टर ७ वर एकूण २७८ मिलिसेकंद लागतात. त्याच सहा नोंदी एका पॅकेटमध्ये घातल्या, तर ६२.

प्रश्न : कारखान्यातील मोटरींच्या कंपनांवर बिनतारी संवेदकांनी लक्ष ठेवायचे आहे. सर्व कच्ची माहिती सर्व्हरवर नेऊन तेथे विश्लेषण करावे असा एक मतप्रवाह आहे. बॅटरीच्या दृष्टीने ते योग्य होईल का?
— देखभाल विभाग, चाकण

उत्तर : बॅटरीच्या दृष्टीने नाही. तीन अक्षांवर सेकंदाला हजार नमुने आणि प्रत्येक नमुना २ बाइटचा धरला, तर १० सेकंदांच्या कंपनांचे ६०,००० बाइट होतात. हेच नमुने नोडमध्येच फूरिए रूपांतर करून त्यांतील ठळक वारंवारता आणि त्यांची तीव्रता एवढेच पाठवले, तर वीस-तीस बाइट पुरतात. आजच्या सूक्ष्म नियंत्रकाला हे गणित सेकंदाच्या लहानशा भागात करता येते आणि तेवढा काळ तो काही मिलिअँपिअरच घेतो. ६०,००० बाइट पाठवायला मात्र रेडिओ कित्येक सेकंद चालू राहील.

तरीही कच्ची माहिती पूर्णपणे टाकून देऊ नये, असे माझे मत आहे. बेअरिंगच्या नव्या प्रकारच्या बिघाडाचे लक्षण आधीपासून ठरवलेल्या वीस आकड्यांत बसेलच असे नाही. रोज सारांश पाठवावा. सारांशाने ठरलेली मर्यादा ओलांडली किंवा अभियंत्याने मागणी केली, तरच त्या वेळचे पूर्ण नमुने पाठवावेत.

प्रश्न : निरोप सांकेतिक करून पाठवल्याने बॅटरी लवकर संपते, म्हणून एन्क्रिप्शन बंद ठेवण्याचा सल्ला मिळाला. तो मानावा का?
— वाचक, ठाणे

उत्तर : मानू नये. पुष्कळ रेडिओ-चिपमध्ये एईएस-१२८ या एन्क्रिप्शन-पद्धतीसाठी वेगळे हार्डवेअर असते आणि एका छोट्या पॅकेटच्या एन्क्रिप्शनला लागणारी ऊर्जा ते पॅकेट पाठवण्याच्या तुलनेत नगण्य असते. खरी वाढ होते ती निरोपाच्या खरेपणाची खूण म्हणून जोडल्या जाणाऱ्या चार-आठ बाइटची. पंप किंवा व्हॉल्व्ह चालवणाऱ्या जाळ्यात ही काटकसर करणे धोक्याचे आहे.

प्रश्न : कोकणात जून ते सप्टेंबर ऊन नसते. आमच्या आंबा बागेतील नोडांना सौर पॅनेल लावावे का?
— बागायतदार, देवगड

उत्तर : नोडला लावू नये, गेटवेला लावावे. वर दाखवल्याप्रमाणे नीट बांधलेला नोड दिवसाला एक ते तीन मिलिअँपिअर-तास घेतो. त्यासाठी पॅनेल, चार्जिंगची चिप आणि पुन्हा भरता येणारी बॅटरी बसवली, तर समुद्राच्या खाऱ्या हवेत बिघडू शकणाऱ्या गोष्टींचीच संख्या वाढते. न भरता येणारा लिथियम थायोनिल क्लोराइड सेल येथे उत्तम, कारण त्याची आपोआप होणारी गळती वर्षाला एक टक्क्याच्या आसपासच असते. हा सेल दीर्घकाळ स्वस्थ राहिला की पहिल्या मोठ्या झटक्याला त्याचे व्होल्टेज घसरते, आणि त्यामुळे नोड रीसेट होऊन पुन्हा पुन्हा जाळ्यात सामील होण्याचा प्रयत्न करत उरलीसुरली ऊर्जाही संपवतो. म्हणून त्याला समांतर योग्य क्षमतेचा कपॅसिटर जोडावा.

गेटवेची गोष्ट वेगळी आहे. मोबाइल मोडेमसह तो सरासरी २ वॅट घेत असेल, तर दिवसाला ४८ वॅट-तास लागतात, आणि सलग पाच झाकोळलेल्या दिवसांची सोय करायची तर २४० वॅट-तासांची बॅटरी हवी. १२.८ व्होल्टची २० अँपिअर-तासांची लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी तेवढी होते, पण काठावर. पावसाळ्यापुरता मोडेम अखंड चालू न ठेवता तासातून काही मिनिटेच चालू केला, तर हा ताण पुष्कळ कमी होईल.

प्रश्न : माळीण (३० जुलै २०१४), तळीये (२२ जुलै २०२१) आणि इर्शाळवाडी (१९ जुलै २०२३) येथील दुर्घटनांनंतर दरडींची पूर्वसूचना देणाऱ्या संवेदक जाळ्यांची चर्चा होते. पण वीज वाचवण्यासाठी नोड झोपलेला असतानाच डोंगर सरकला तर? अशा ठिकाणी बचतीचा विचार करावा का?
— शिक्षक, आंबेगाव तालुका

उत्तर : करायलाच हवा, कारण मुसळधार पावसात बॅटरी संपलेल्या नोडचा काहीच उपयोग नसतो आणि त्या वेळी डोंगरावर जाऊन ती बदलणेही शक्य नसते. मात्र येथे बचत सरसकट न करता धोक्याच्या पातळीनुसार करायची असते. केरळमधील मुन्नारजवळच्या डोंगरउतारावर अमृता विश्व विद्यापीठाने २००९ पासून असे जाळे चालवले आहे. जमिनीत खोलवर बसवलेले संवेदक तेथे मातीच्या छिद्रांतील पाण्याचा दाब, उताराचा कल आणि जमिनीची हालचाल मोजतात. पावसाने भिजलेल्या मातीत हा दाब वाढत जाणे हे दरड सरकण्यामागचे एक मुख्य कारण असल्यामुळे पाऊस आणि दाब यांची मोजणी तेथे फार महत्त्वाची ठरते.

ऊर्जेच्या दृष्टीने यात एक मोठी सोय आहे. तराजूसारख्या उलटणाऱ्या भांड्याच्या पर्जन्यमापकाला जवळपास वीज लागत नाही : ठरावीक पाऊस साचला की भांडे उलटते, चुंबकाने एक स्विच क्षणभर जुळतो आणि त्या संकेताने झोपलेली चिप जागी होते. कोरड्या दिवसांत दाब आणि कल तासातून एकदा मोजला तरी चालतो. भांडे भराभर उलटू लागले की नोडने स्वतःच मोजणी दर मिनिटाला करावी आणि शेजारच्या नोडांनाही जागे करावे. म्हणजे साठवलेली ऊर्जा ज्या थोड्या रात्रींसाठी राखायची, त्या रात्री ती मोकळ्या हाताने खर्च करता येते. बॅटरीचा हिशेबही सरासरी दिवसावर न करता सलग आठवडाभर अतिवृष्टी होईल असे धरूनच करावा.

आपली शंका ज्या भीतीतून आली आहे तिच्यावर तांत्रिक उत्तर एवढेच की, नोडचे मौन संदिग्ध राहता कामा नये. काही घडले नसले तरी प्रत्येक नोडने ठरलेल्या वेळी ‘मी चालू आहे’ एवढा निरोप आपल्या बॅटरीच्या व्होल्टेजसह पाठवलाच पाहिजे, आणि असे दोन निरोप चुकले की नियंत्रण कक्षात तो दोष नव्हे तर इशारा समजला गेला पाहिजे. या निरोपांची ऊर्जा वाचवू नये. बॅटरीची तपासणी व बदल मे महिन्यातच पूर्ण व्हावेत. आणि उतार धोक्याचा आहे हे भूवैज्ञानिकांनी आधीच सांगितले असेल, तर संवेदक बसले म्हणून तेथील वस्तीचे स्थलांतर लांबणीवर टाकू नये.